बंद खोलीची किल्ली : स्त्रीने उकललेल्या रहस्यांच्या कादंबऱ्या

फ्रेंच लेखक शार्ल पेरो याने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीकथांच्या संग्रहात ‘ब्लूबिअर्ड’ नावाची एक कथा आहे. श्रीमंत पण निळ्या दाढीमुळे भीतिदायक वाटणारा एक गृहस्थ नव्या पत्नीच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या देतो आणि एकच खोली उघडू नकोस, असे बजावून परगावी जातो. ती खोली उघडते. आत त्याच्या पूर्वीच्या बायकांची प्रेते असतात. किल्लीवर पडलेला रक्ताचा डाग काही केल्या निघत नाही आणि तिने खोली उघडल्याचे पतीला कळते. शेवटी तिचे भाऊ वेळेवर येऊन तिला वाचवतात. पतीला अन्य वारस नसल्याने त्याची सारी संपत्ती तिला मिळते. कथेला जोडलेल्या बोधात पेरोने स्त्रियांच्या फाजील कुतूहलावर ठपका ठेवला आहे. कथेत मात्र त्या कुतूहलानेच तिचा जीव वाचतो.

बोध आणि कथा यांच्यातील ही विसंगती पुढे एका मोठ्या वाङ्मयप्रकाराचे बीज ठरली. एखादी स्त्री नव्या घरात येते, त्या घराने काहीतरी दडवले आहे असे तिला जाणवते आणि ते शोधण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही, अशा कथानकाच्या कादंबऱ्या सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लिहिल्या व वाचल्या जात आहेत. त्यांना कधी ‘गॉथिक’ म्हटले गेले, कधी ‘सेन्सेशन नॉव्हेल’, तर अलीकडे ‘डोमेस्टिक थ्रिलर’. वाचनालयात हलक्या वाङ्मयाच्या कपाटात राहूनही या प्रकाराने इंग्रजी साहित्याला काही श्रेष्ठ कृती दिल्या. या कादंबऱ्या ओळीने वाचल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. गुपित काय आहे, हा प्रश्न वाचकाला पाने उलटायला लावतो. पण गुपित कळल्यावर त्या स्त्रीचे ऐकणार कोण, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही मनातून जात नाही.

<b>काळा पडदा आणि सहीचा कागद</b>

हॉरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून गॉथिक कादंबरीचा आरंभ मानला जातो. तिला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले ते अ‍ॅन रॅडक्लिफ (१७६४-१८२३) या लेखिकेने. तिच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) या कादंबरीसाठी प्रकाशकाने ५०० पौंड मोजले. त्या काळी कादंबरीला मिळणाऱ्या मोबदल्याच्या मानाने ही रक्कम थक्क करणारी होती.

कादंबरीची नायिका एमिली ही अनाथ मुलगी. तिच्या आत्याचा नवरा मोंतोनी या दोघींना इटलीतील अपेनाइन पर्वतराजीत असलेल्या उडोल्फो किल्ल्यात नेतो. तेथे एका दालनात काळ्या पडद्याआड काहीतरी आहे. एमिली पडदा बाजूला सारते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले, हे लेखिका शेकडो पाने सांगत नाही. अखेरीस कळते ते असे, की ते प्रेत नव्हते, मेणाची आकृती होती. रॅडक्लिफची पद्धत हीच. भुताखेतांचा आभास निर्माण करायचा आणि शेवटी त्याचे बुद्धीला पटणारे स्पष्टीकरण द्यायचे.

पडद्याआडचे भय असे खोटे ठरते, पण किल्ल्यातील दुसरे भय खरे असते. मोंतोनीला पत्नीच्या जमिनी हव्या आहेत. ती सही करण्यास नकार देते, तेव्हा तो तिला कोंडून ठेवतो आणि त्या कोंडवाड्यातच ती मरते. त्यानंतर त्याच मालमत्तेसाठी एमिलीवर दबाव येतो. या प्रकारच्या कादंबऱ्यांत पुढे वारंवार दिसणारी गोष्ट येथे प्रथमच ठळकपणे येते. भुतापेक्षा कागद अधिक धोकादायक असतो.

जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त या वाङ्मयाची थट्टा केली. ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. ‘उडोल्फो’ वाचून भारावलेली कॅथरिन मोरलंड मित्राच्या घरी पाहुणी म्हणून जाते. तेथे जुन्या कपाटात तिला गुंडाळलेले कागद सापडतात. रात्रभर ती धास्तावते आणि सकाळी पाहते, तर ती धुण्याला टाकलेल्या कपड्यांची यादी! यजमान जनरल टिल्नी यांनी पत्नीचा घात केला असावा, हा तिचा संशयही निराधार ठरतो. परंतु ऑस्टिन एवढ्यावर थांबत नाही. कॅथरिन श्रीमंत वारसदार नाही, हे कळताच हाच जनरल तिला पहाटे एकटीला घराबाहेर काढतो. कॅथरिनचा तर्क चुकला. माणूस ओळखण्यात मात्र ती फारशी चुकली नव्हती.

<b>तिसऱ्या मजल्यावरचे हसू</b>

‘जेन एअर’ ही कादंबरी १६ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये ‘करर बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. हे नाव पुरुषाचे की स्त्रीचे, याविषयी वाचकांत बराच काळ तर्कवितर्क चालले. लेखिका होती शार्लट ब्राँटे, यॉर्कशायरमधील एका धर्मगुरूची कन्या.

थॉर्नफिल्ड हॉलमध्ये शिक्षिका म्हणून आलेल्या जेनला तिसऱ्या मजल्यावरून विचित्र हसू ऐकू येते. ते ग्रेस पूल या नोकराणीचे आहे, असे तिला सांगितले जाते. मालकाच्या पलंगाला आग लागते, पाहुण्यावर हल्ला होतो. प्रत्येक वेळी तेच उत्तर. विवाहाच्या दोन दिवस आधी एक अनोळखी स्त्री जेनच्या खोलीत शिरून तिचा विवाहाचा पदर फाडते. रॉचेस्टर तिला समजावतो, की हे अर्धे स्वप्न होते आणि ती बाई ग्रेसच असली पाहिजे. पण पदराचे दोन तुकडे जमिनीवर पडलेले जेनने सकाळी पाहिले आहेत. सत्य बाहेर येते ते चर्चमध्ये, विवाहविधी सुरू असताना. रॉचेस्टरची पत्नी बर्था जिवंत आहे आणि त्याच घरात कोंडलेली आहे, असे एक वकील जाहीर करतो.

या रहस्यामागे त्या काळचा कायदा उभा आहे. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिची रोकड, दागिने आणि मिळकत पतीची होई. न्यायालयामार्फत घटस्फोट मिळण्याची सोय १८५७ च्या कायद्याने झाली. तीही विषम होती. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे, पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखा आणखी एखादा दोष सिद्ध करावा लागे. बरा न होणारा वेडेपणा हे घटस्फोटाचे कारण म्हणून मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काला आकार आला तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. त्या काळातील कादंबरीकारांना रहस्यासाठी दूर जावे लागले नाही, याचे कारण यात सापडते.

जेन मात्र रहस्य कळताच घर सोडते. पुढे काकाकडून मिळालेले २०,००० पौंड ती आपल्या तीन भावंडांबरोबर सारखे वाटून घेते आणि स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावरच रॉचेस्टरकडे परतते. ज्ञानाला स्वतःच्या पैशाची जोड मिळाली, तेव्हाच तिला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले.

<b>रोजनिशी, नोंदवही आणि एक तारीख</b>

विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इअर राउंड’ या साप्ताहिकात नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ती इतकी गाजली, की तिच्या नावाची अत्तरे, टोप्या आणि नृत्यसंगीतही बाजारात आले. न्यायालयात साक्षीदार एकामागून एक उभे राहावेत, तशी तिची रचना आहे. ज्याने जे पाहिले, तेवढेच तो सांगतो.

लॉरा फेअरली या श्रीमंत मुलीचा पती सर पर्सिव्हल ग्लाइड आणि त्याचा मित्र काउंट फॉस्को तिच्या पैशांसाठी एक भयंकर डाव रचतात. लॉरासारखी दिसणारी अ‍ॅन कॅथरिक मरण पावते. तिला लॉरा म्हणून पुरले जाते आणि खऱ्या लॉराला अ‍ॅन ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकले जाते. जिवंत स्त्रीच्या नावाचा दगड तिच्याच कबरीवर लागतो. ती ‘मी लॉरा’ असे सांगते, तेव्हा हा तिच्या वेडाचाच पुरावा मानला जातो. तिचा सख्खा काकाही तिला ओळखत नाही.

कादंबरीची खरी नायिका मात्र लॉराची सावत्र बहीण मॅरियन हॅलकोम्ब. दोघा पुरुषांचे बोलणे ऐकण्यासाठी ती जड घागरे उतरवून, अंगाभोवती काळा झगा लपेटून, रात्री पावसात व्हरांड्याच्या छपरावर जाऊन बसते. भिजल्याने तिला तापाने घेरले जाते आणि नेमकी तेव्हाच तिची रोजनिशी फॉस्कोच्या हाती पडते. त्या रोजनिशीच्या शेवटी फॉस्कोने लिहिलेला मजकूर वाचताना वाचकाच्या अंगावर काटा येतो. मॅरियनच्या खांद्यावरून आपण जे वाचत होतो, ते शत्रूही वाचत होता, हे तेव्हा कळते.

कारस्थान उघडकीस येते ते दप्तरातील नोंदींमुळे. पर्सिव्हलने आईवडिलांच्या विवाहाची खोटी नोंद चर्चच्या वहीत घुसडली होती. लॉराचा ‘मृत्यू’ ज्या दिवशी नोंदला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती लंडनला निघाली होती, हे सिद्ध होताच सारा डाव कोसळतो. गमतीची गोष्ट अशी, की पहिल्या आवृत्तीत खुद्द कॉलिन्सच्याच तारखा जुळत नव्हत्या. ‘द टाइम्स’मधील परीक्षणाने ही चूक दाखवून दिली आणि पुढील आवृत्तीत त्याने ती दुरुस्त केली.

यानंतर एलन वुडची ‘ईस्ट लिन’ (१८६१), मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची ‘लेडी ऑड्लीज सीक्रेट’ (१८६२) अशा कादंबऱ्यांची लाट आली. हे वाङ्मय वाचकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या मज्जातंतूंना उत्तेजित करते, अशी टीका धर्मगुरूंपासून समीक्षकांपर्यंत अनेकांनी केली. टीकाकारांना खटकले ते बहुधा वेगळेच. गुन्हा आता इटलीतील किल्ल्यातून निघून शेजारच्या प्रतिष्ठित घरात येऊन बसला होता.

<b>१९३८ : दोन घरे, एक प्रश्न</b>

डॅफ्ने द्यू मॉरिए हिची ‘रिबेका’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. या कादंबरीच्या लेखनाचा आरंभ तिने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे केला. तिचे पती सैन्यात होते आणि त्यांची नेमणूक तेथे झाली होती. कॉर्नवॉलमधील मेनाबिली या वाड्याने तिला भुरळ घातली होती. कादंबरीतील मँडर्ली तेथूनच आले. पुढे १९४३ मध्ये तिने तो वाडा भाड्याने घेतला आणि अनेक वर्षे तेथे वास्तव्य केले.

मॅक्सिम द विंटर या विधुराशी विवाह करून आलेल्या तरुणीचे नाव वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही. मृत पत्नी रिबेकाचे नाव मात्र प्रत्येक वस्तूवर आहे. घराची व्यवस्था पाहणारी मिसेस डॅनव्हर्स रिबेकाची खोली जशीच्या तशी जपून आहे. नववधूला वाटते, पती अजून पहिल्या पत्नीवरच प्रेम करतो. समुद्रात बुडालेली नाव सापडते आणि मॅक्सिम कबुली देतो, की त्याने रिबेकाचा खून केला, कारण तो तिचा द्वेष करीत असे.

या ठिकाणी कादंबरी वाचकाला कोंडीत पकडते. खुनाची कबुली ऐकून नायिकेला दिलासा मिळतो आणि तिच्याबरोबर वाचकालाही. त्यानंतर मॅक्सिम सुटावा म्हणून आपण चौकशीची पाने श्वास रोखून वाचतो. रहस्य कळल्याने नायिका पतीच्या बरोबरीची झाली, पण ती त्याच्या गुन्ह्यात सहभागीही झाली. आल्फ्रेड हिचकॉकने १९४० मध्ये यावर चित्रपट काढला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात मात्र तेव्हाच्या अमेरिकन चित्रपट-नियमावलीमुळे रिबेकाचा मृत्यू अपघाती दाखवावा लागला. पत्नीचा खुनी शिक्षेविना सुटणे पडद्यावर चालणार नव्हते.

त्याच १९३८ साली लंडनमध्ये पॅट्रिक हॅमिल्टनचे ‘गॅस लाइट’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पती घरातील वस्तू लपवतो आणि पत्नीलाच विसराळू, भ्रमिष्ट ठरवतो. रोज रात्री तो गुपचूप वरच्या बंद मजल्यावर जाऊन दडवलेली रत्ने शोधतो. तेथे दिवा लागला, की खालच्या खोलीतील गॅसचा दिवा मंद होतो. पत्नीला ते दिसते, पण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की पतीच्या शब्दावर, हे तिला ठरवता येत नाही. १९४४ च्या चित्रपटातील या भूमिकेसाठी इंग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळाले. एखाद्याला स्वतःच्या समजुतीविषयीच संशय वाटायला लावणे, या अर्थाने ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द रूढ झाला तो यातूनच. मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशाने २०२२ चा शब्द म्हणून त्याची निवड केली.

<b>कोंडलेल्या स्त्रीची बाजू</b>

‘जेन एअर’मधील बर्था संपूर्ण कादंबरीत एक वाक्यही धड बोलत नाही. तिला वाचा दिली जीन ऱ्हीस या लेखिकेने. कॅरिबियन बेटांपैकी डोमिनिका येथे जन्मलेल्या ऱ्हीसने ‘वाइड सारगॅसो सी’ (१९६६) या कादंबरीत बर्थाचे पूर्वायुष्य रंगवले. तिचे मूळ नाव आंत्वानेत. विवाहाबरोबर तिचे धन इंग्रज पतीकडे जाते, तो तिचे नावही बदलतो आणि सरतेशेवटी तिला परक्या देशातील माळ्यावर कोंडतो. ही कादंबरी वाचल्यानंतर ‘जेन एअर’ पूर्वीसारखी वाचता येत नाही. जेनने एक रहस्य शोधले होते. त्या रहस्यालाही स्वतःची कहाणी होती, हे दिसायला ११९ वर्षे जावी लागली.

साठच्या दशकात व्हिक्टोरिया होल्टच्या ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ (१९६०) या कादंबरीने स्वस्त आवृत्त्यांची नवी लाट आणली. मुखपृष्ठावर अंधारा वाडा, एकाच खिडकीत उजेड आणि धावत सुटलेली तरुणी, हे चित्र तेव्हा ठरून गेले होते. एकविसाव्या शतकात सारा वॉटर्सच्या ‘फिंगरस्मिथ’ने (२००२) कॉलिन्सचे वेड्यांचे इस्पितळ आणि वारसाहक्क नव्या कलाटण्यांसह परत आणले. गिलियन फ्लिनच्या ‘गॉन गर्ल’ने (२०१२) रोजनिशीवर विश्वास ठेवण्याची वाचकाची जुनी सवयच मोडून काढली. पॉला हॉकिन्सच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधील (२०१५) रेचल मद्याच्या आहारी गेलेली आहे. तिला काय आठवते, यावर पोलीसही विश्वास ठेवत नाहीत आणि ती स्वतःही. आठवणीतील रिकाम्या जागा दुसऱ्या कोणीतरी सांगितलेल्या हकिकतींनी भरल्या आहेत, ही जाणीव हेच तिचे रहस्यशोधन होय.

<b>मराठी वाचकाच्या ओळखीचे</b>

या कथानकांची ओळख येथील अनेकांना प्रथम हिंदी चित्रपटांतून झाली. दिलीपकुमार-मधुबाला यांचा ‘संगदिल’ (१९५२) ‘जेन एअर’वर आधारलेला होता, तर बिरेन नाग दिग्दर्शित ‘कोहरा’ (१९६४) ‘रिबेका’वर. ‘कोहरा’त वहिदा रेहमान नववधू होत्या आणि मिसेस डॅनव्हर्सच्या धर्तीवरील दाईमाँची भूमिका ललिता पवार यांनी केली होती.

‘करर बेल’ कोण, या कुतूहलासारखेच कुतूहल महाराष्ट्रानेही अनुभवले आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आला, तेव्हा सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनातील इतक्या खोलवरच्या गोष्टी उघडपणे मांडणारी ही लेखिका कोण, यावर मोठा गदारोळ उठला. हे नाव मालतीबाई बेडेकर यांनी घेतले होते. तेथे रहस्यकथा नव्हती. तरीही घराघरांत झाकलेले काहीतरी एका स्त्रीने उघड केले होते आणि समाजाने त्यातील मजकुराइतकाच तिच्या नावाचा पाठपुरावा केला.

सहीच्या कागदाचे भयही येथे अपरिचित नाही. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायकाचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर सही करताना बहिणीने आधी तो कागद वाचावा, ही अपेक्षा आजही अनेक घरांत उद्धटपणा मानली जाते. उडोल्फोचा किल्ला तेव्हा फारसा दूर राहत नाही.

<b>वाचन कोठून सुरू करावे?</b>

या प्रकाराशी प्रथमच परिचय करून घेणाऱ्याने ‘रिबेका’पासून आरंभ करणे सोयीचे. तिची भाषा सोपी आहे आणि पकड पहिल्या प्रकरणापासून बसते. त्यानंतर ‘जेन एअर’ आणि लगोलग ‘वाइड सारगॅसो सी’ ही जोडी वाचावी. ‘द वुमन इन व्हाइट’ दीर्घ आहे, पण ती मुळात आठवड्याला एक हप्ता या बेताने लिहिलेली असल्याने थोडी थोडी वाचली तरी रस टिकतो. ‘उडोल्फो’तील निसर्गवर्णने आजच्या वाचकाला लांबलेली वाटतील. ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’चा आनंद पुरता घ्यायचा, तर मात्र ती आधी चाळलेली बरी.

वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. घराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, पैसा कोणाच्या नावावर आहे आणि नायिकेने पाहिलेले सांगितल्यावर पहिला नकार कोण देतो. बहुतेक वेळा या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच व्यक्ती असते. पेरोच्या कथेतील नववधूला वाचवायला भाऊ आले होते. जेनने स्वतःची वाट धरली, मॅरियनने पावसात बसून पुरावा मिळवला, तर रेचलला आधी स्वतःवरच विश्वास ठेवायला शिकावे लागले. किल्लीवरचा डाग अजूनही निघालेला नाही. तो लपवायचा की दाखवायचा, एवढे आता तिच्या हाती आले आहे.